वडिलांच्या कांद्याची रोख माझ्या बचत खात्यात, ११.६० लाखांचा स्रोत कसा दाखवायचा?

निफाड_०७:
आर्थिक वर्ष २०२१-२२ मध्ये माझ्या खात्यात ११.६० लाख रोख भरली गेली. ६ लाख वडिलांच्या कांद्याचे, ३ लाख आधी याच खात्यातून काढलेले, बाकी घरातली शिल्लक. मी नोकरदार, जमीन वडिलांच्या नावावर. आयकर कायद्याच्या कलम १४२(१) ची, म्हणजे माहिती-कागद मागणारी नोटीस आलीय. वडिलांचं प्रतिज्ञापत्र पुरेल का?

रोजमेळ:
नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागणार नाही. कलम ६९अ (स्रोत न सांगता आलेला पैसा) लागलं तर अशा रकमेच्या कराचं कलम ११५बीबीई, त्याखाली ६० टक्के कर, २५ टक्के अधिभार, ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७८ टक्के: ९,०४,८०० रुपये. व्याज, दंड वेगळा.

आधी तारीखवार रोख-तक्ता बनवा: आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, बँकेत भरणा, अखेरची शिल्लक. एकाही दिवशी शिल्लक उणे जाता कामा नये. घरखर्च धरला नसेल तर अधिकारी तिथेच बोट ठेवतो.

कांद्यासाठी त्या वर्षीच्या पीकनोंदीसह सातबारा, आठ-अ (जमीनधारणेचा उतारा) आणि आडत्याची प्रत्येक हिशोबपट्टी (विक्रीची पावती). पट्टीवर वडिलांचं नाव, वजन, भाव, हमाली-तोलाई कापून निव्वळ रक्कम हवी. पट्टी २० ऑक्टोबरची आणि भरणा २ ऑक्टोबरचा, तर त्या पट्टीचा उपयोग शून्य. पट्ट्या हरवल्या असतील तर आडत्याकडून खातेउतारा घ्या.

चाळकरी:
एकरी गणितही करून बघा. समजा चार एकर उन्हाळ कांदा, एकरी १०० क्विंटल, भाव १,५००. ढोबळ विक्रीच ६ लाख झाली. बियाणं, मजुरी, औषधं वजा जाता भरायला ६ लाख उरतीलच कसे? हा प्रश्न येणार म्हणजे येणार. एप्रिलचा माल ऑक्टोबरात विकला असेल तर कांदा मधल्या काळात कांदाचाळीत साठवला होता हे उत्तरात लिहा.

काढलेल्या ३ लाखांसाठी काढल्याची आणि भरल्याची तारीख शेजारी मांडा. मधे बरेच महिने असतील तर कशासाठी काढले आणि का परत भरले, तेही कागदासह सांगा. ‘घरातली शिल्लक’ हा सर्वांत कच्चा भाग. जुन्या पैसे काढल्याच्या नोंदींवर जेवढी टिकते तेवढीच दाखवा.

कलमवाचक:
जे घडलं तेच लिहा, पण शब्द जपून. वडिलांकडून ‘उसने घेतले’ म्हटलं की २०,००० किंवा त्याहून जास्त रोख कलम २६९एसएस (रोखीने उसने घेण्यावरची बंदी) मध्ये जाते आणि दंड तेवढ्याच रकमेचा. शेती उत्पन्नवाल्यांची सूट दोघांचंही करपात्र उत्पन्न नसेल तरच, तुम्ही नोकरदार आहात. वडिलांचं बक्षीस करमुक्त, पण एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर कलम २६९एसटी (मोठी रोख स्वीकारण्यावरची बंदी) आड येतं. पैसे वडिलांचेच असतील तर त्याच खात्यातून गेलेली खताची बिलं, ट्रॅक्टरचा हप्ता दाखवा. ६९अ साठी रक्कम तुमच्या मालकीची असावी लागते.

निफाड_०७:
नोटिशीत कलम ६८ लिहिलंय.

कलमवाचक:
कलम ६८ करदात्याच्या हिशेबवहीत दिसणाऱ्या, स्रोत न सांगता आलेल्या जमेसाठी आहे. तुम्ही हिशेबाची वही ठेवत नसाल तर ते लागू नाही, हा मुद्दा लेखी घ्याच. पासबुक म्हणजे करदात्याची हिशेबवही नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने भाईचंद गांधी प्रकरणात धरलंय. मात्र केवळ त्यावर विसंबू नका, अधिकारी ६९अ लावू शकतो. मुदत कमी असेल तर पोर्टलवर आजच मुदतवाढ मागा; उत्तरच गेलं नाही तर कलम १४४ खाली एकतर्फी आदेश होतो. विरुद्ध आदेश आला तर ३० दिवसांत फॉर्म ३५ ने अपील.