किलोमीटरपेक्षा आरसीची (रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटची) तारीख बघा

जुनी 2012 ची स्कॉर्पिओ घ्यावी का असं इथे एकाने विचारलंय, आणि ती 1 लाख 80 हजार किलोमीटर चाललीय म्हणून सोडून द्या असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, मला ते तितकंसं पटत नाही, हायवेला चाललेली आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली डिझेल गाडी एवढ्या रनिंगला संपत नाही. पण आरसीच्या तारखेचा विषय कुणीच काढला नाही. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, म्हणजे हिचं 2027 ला संपणार, मग गाडीची फिटनेस तपासणी, रजिस्ट्रेशन वाढवायची 5 हजार फी, वर पर्यावरण कर, आणि पुढे एका वेळी मिळणार 5च वर्षं. हे सगळं किमतीतून आधी वजा करा.

आणि गाडी थंड असतानाच बघा हो. मी माझी सात सीटर बघायला गेलो तेव्हा बोनेट गरम होतं, विचारलं तर म्हणाले आत्ताच धुवून आणली, आणि मी विश्वास ठेवला. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी थंड इंजिन चालू केलं तर निळा धूर. मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून दाखवलं तर आतून भसाभस धूर येत होता, इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, 70 हजार गेले. हे झाकण घेण्याआधी काढून बघायला दोन मिनिटं लागतात, मालक नको म्हणाला तर सरळ परत या.