प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. एमबीए करू, की आहे तिथूनच वाट काढू?

पाऊसवेडी:

मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी ई अँड टीसीची (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची) इंजिनिअर, २०१९ ची पासआउट. तेव्हापासून पुण्यात एका छोट्या कंपनीत बॅकएंडला, म्हणजे ॲपच्या मागच्या सर्व्हर-डेटाबेसच्या कोडिंगला आहे. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी ॲप बनवतो. शेतकऱ्याचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकलं की दर निघतो, पावती छापली जाते, दहा दिवसांचं बिल तयार होतं. काम जमतं, पगार बरा आहे, तक्रार नाही. म्हणजे नव्हती.

गेल्या पावसाळ्यात एका केंद्राचं रडगाणं सुरू झालं की सकाळच्या सगळ्या नोंदींवर आठची वेळ पडते. दूध तर सहालाच येतं. आम्ही दोन महिने सर्व्हरच्या घड्याळापासून सिंकपर्यंत सगळं उकरून काढलं. शेवटी वाळव्याकडे गावी गेले होते, तेव्हा पहाटे मीच त्या केंद्रावर जाऊन उभी राहिले. दारात पंचवीस-तीस किटल्यांची रांग, केंद्रचालक काकांचे हात ओले, आणि ओल्या बोटांना टॅबची स्क्रीन दाद देईना. काका कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहायचे, ‘४२ – साडेसहा लिटर – ३.८ – ८.५’. रांग संपली की हात पुसून सगळं एकदम ॲपमध्ये भरायचे. पावती मागितली की “उद्या घे”. बग नव्हताच!

परत येऊन मी म्हटलं, आकड्यांची बटणं मोठी करू, वजनकाट्यावरचा आकडा थेट ॲपमध्ये घेऊ. तक्रारीची नोंद, म्हणजे आमच्या भाषेत तिकीट, ‘बग नाही’ म्हणून बंद झालं. तेव्हापासून डोक्यात आहे की कोड कसा लिहायचा यापेक्षा काय बनवायचं हे ठरवणारं काम, म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरचं (पीएमचं), मला हवंय.

आता अडचणी. मॅनेजर म्हणतात, “कोडिंग चांगलं करतेस, कशाला नसत्या भानगडीत पडतेस?” बाहेर अर्ज केले तर सगळीकडे ‘पीएमचा दोन वर्षांचा अनुभव हवा’. तो द्यायचा कुणी? एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोचले. विचारलं, रिक्षावाल्यांसाठी ॲप करायचं तर सुरुवात कुठून कराल? मी डेटाबेसची टेबलं सांगायला लागले. समोरच्या बाईंनी थांबवून विचारलं, “दुपारी दोनला रिक्षावाला कुठे असतो?” मी गप्प.

घरचे म्हणतात कॅट दे. मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर, बाबा निवृत्त, म्हणजे कर्ज आलंच. ऑनलाइन सर्टिफिकेटवालेही रोज फोन करतात. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांनी कृपया सांगा.

चकलीचा सोऱ्या:

सर्टिफिकेटच्या नादी लागू नकोस. मी मुलाखती घेतो, आजवर त्यावरून कुणाला घेतलेलं नाही.

आधी वाईट बातमी. पीएमच्या हाताखाली कुणी नसतं. डेव्हलपर तुझे नाहीत, डिझायनर तुझा नाही, पण तारीख चुकली की फोन तुलाच. दिवसातले चार तास मीटिंग. कोडिंगची शांतता पहिल्या सहा महिन्यांत आठवून रडू येतं. (मला आलं होतं.)

वडाची पारंबी:

सोऱ्याशी सहमत, पण ताई, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. दूधकेंद्राची गोष्ट मुलाखतीत सांगितली का? नसेल तर तिथेच घोडं अडलं.

पीएमचं काम मुळात इंजिनिअरांचं नव्हतंच. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन साबण कंपनीत तिथल्याच नील मॅकेलरॉयने साबणाच्या ब्रँडसाठी स्वतंत्र माणसं हवीत म्हणून मेमो लिहिला, तिथून याची सुरुवात धरतात. जिथे माल खपत नाही तिथे स्वतः जाऊन दुकानदार आणि गिऱ्हाइकाकडून कारण शोधा, हे त्यात होतं. तुम्ही पहाटे उठून तेच केलंत. पुढे २००२ मध्ये गूगलने तिथल्याच मरिसा मेयरच्या पुढाकाराने नवख्या पदवीधरांना पीएम म्हणून घडवायला सुरुवात केली, तेव्हा एमबीएची अट धरली नव्हती. आपल्याकडे एमबीएने कॅम्पसचं दार उघडतं हे खरं. पण सहा वर्षांचा अनुभव आणि डोक्यावर कर्ज, हे गणित मी तरी मांडणार नाही.

माझा सल्ला: बंद झालेलं तिकीट पुन्हा उघडू नका. एक पान लिहा. कुणाला त्रास होतो, कधी होतो, आज ते काय जुगाड करतात, आपण काय बदलू, आणि बदल लागू पडला हे कशावरून कळेल. शेवटचा मुद्दा तुमच्या हातात आहे. बॅकएंडला आहात, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येतं. दूध सहाला येत असताना नोंदी तासाभरानंतर पडतात अशी केंद्रं किती, काढा. एकच केंद्र असेल तर मॅनेजर बरोबर होते. चाळीस असतील तर ते पान तुमच्या मॅनेजरकडे नाही, सेल्सच्या प्रमुखाकडे न्या. गिऱ्हाइकाच्या शिव्या तेच खातात.

पाऊसवेडी:

नाही सांगितली! तिथे दूधकेंद्र म्हणजे गावठी वाटेल, असं वाटलं. आता स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतेय.

क्वेरी कालच चालवली. एकूण १८० केंद्रांपैकी ५७ ठिकाणी हाच प्रकार आहे. मला वाटलं होतं पाच-सहा निघतील. कॅटचा विचार यंदा तरी बाजूला ठेवलाय, आईला अजून सांगितलेलं नाही.

पान लिहायला घेतलंय. एकच शंका: त्यात वहीच्या पानाचा फोटो टाकला तर चालेल ना? शेतकऱ्यांची नावं नाहीत, नुसते कोड आहेत. काकांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, “टाक की. पण आधी सांगायचं ना, जरा बऱ्या अक्षरात लिहिलं असतं.”