वेल्श पक्षीनावं: सुंदर व्युत्पत्ती खोटी निघाली तर सोडून द्यायची का?

मुळाक्षर (धागाकर्ता)

वेल्समधल्या स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं, की यापुढे उद्यानासाठी 'एररी' आणि मुख्य शिखरासाठी 'अर विद्वा' ही वेल्श नावंच वापरायची. निर्णय मला मनापासून आवडला. खटकतं ते त्यासोबत सगळीकडे फिरणारं एक वाक्य: 'एररी म्हणजे गरुडांचा प्रदेश.' वेल्शमध्ये गरुडाला 'एरिर' म्हणतात, त्यामुळे ते पटकन पटतं. पण वेल्समधल्या बँगोरचे प्राध्यापक ईवोर विल्यम्स (१८८१–१९६५) यांनी कधीच दाखवून दिलंय, की 'एररी' म्हणजे साधा 'उंच भूभाग'. 'वर येणे, उगवणे' या अर्थाच्या लॅटिन 'ओरीरी'शी त्याचं नातं सांगतात. गरुडाचा तिथे संबंध नाही.

पेंग्विनचंही असंच. 'पेन' म्हणजे डोकं, 'ग्विन' म्हणजे पांढरं, म्हणून हा शब्द वेल्श, असं ठामपणे सांगितलं जातं. हे नाव आधी उत्तर अटलांटिकमधल्या ग्रेट ऑक या न उडणाऱ्या पक्ष्यासाठी वापरत. १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर त्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. त्याचं डोकं काळं होतं! डोळा आणि चोच यांच्यामध्ये पांढरा डाग, एवढंच.

माझं म्हणणं असं: जी भाषा आपल्या हक्कासाठी झगडतेय, तिच्याबद्दल गोड पण निराधार गोष्टी पसरवणं हा तिचा सन्मान नाही. तुमचं मत काय?

घाटमाथा

अजिबात सहमत नाही. नाव कुठून आलं हा एक प्रश्न, बोलणाऱ्यांच्या मनात ते काय जागं करतं हा दुसरा. तुम्ही दुसरा प्रश्न रद्दच करताय.

'माबिनोगी' या मध्ययुगीन वेल्श कथांची चौथी शाखा घ्या. ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट यांच्या फुलांतून जादूने एक स्त्री घडवली जाते. तिचं नाव ब्लोदेइवेद. ती नवऱ्याचा घात करते, आणि शिक्षा म्हणून ग्वीदिओन हा जादूगार तिला घुबड करतो. पुढे कथाकार स्वतःच सांगतो, की आजही घुबडाला ब्लोदेइवेद म्हणतात. नावाचा अर्थ 'फुलासारखा चेहरा'. घुबडाचा गोल, पाकळ्यांसारखा चेहरा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आता यातलं खरं काय नि खोटं काय, कसं वेगळं करणार? एररीतल्या गरुडांचंही तेच. डोंगर होते, गरुड होते, शब्द शेजारी होते. लोकांनी जोडले.

मुळाक्षर

@घाटमाथा, कथेतल्या गोष्टीवर माझा आक्षेप नाहीच. कथा स्वतःला कथा म्हणवते. पर्यटकांसाठी 'या नावाचा अर्थ असा आहे' म्हणून छापतात, ते मात्र विधान असतं. त्याला पुरावा मागायलाच हवा.

स्वॉन्झीकर

मुलं वेल्श माध्यमाच्या शाळेत असल्याने ही नावं घरात रोज कानावर पडतात. मला वाटतं, तुम्ही दोघंही दोन अवघड शब्दांवर अडलात. बहुतेक वेल्श पक्षीनावं आरपार स्पष्ट आहेत. कावळा म्हणजे 'ब्रान'. त्याला 'किग' म्हणजे मांस जोडलं की 'किगव्रान', डोंगरातला मोठा रेव्हन. 'ईड' म्हणजे धान्य जोडलं की 'ईडव्रान', शेतात थव्याने उतरणारा रूक. समुद्र जोडला की 'मोरव्रान', म्हणजे आपला पाणकावळा. शेपूट हलवणाऱ्या धोबी पक्ष्याला 'सिग्ल-दि-गुट', कारण 'सिग्लो' म्हणजे हलणं आणि 'कुट' म्हणजे शेपूट. (समासात क चा ग, ब चा व होतो. सुरुवातीला मुलांपेक्षा मलाच त्याचा जास्त त्रास झाला.)

माझं सगळ्यात लाडकं नाव खंड्याचं: 'ग्लास अ दोर्लान'. म्हणजे नदीच्या पोखरलेल्या काठावरचा निळा. त्या एका नावात रंग आहे, जागा आहे आणि घरटं कुठे सापडेल तेही आहे, कारण खंड्या अशाच उभ्या मातीच्या काठात बीळ करतो. असं बारीक निरीक्षण भाषेत असताना गरुडांचा आधार कशाला हवा?

अनुस्वार

मुळाक्षर यांच्या बाजूने एक भर. लोक म्हणतात शास्त्रीय व्युत्पत्ती कोरडी असते. मला तर ती जास्त थरारक वाटते. पक्ष्यांना वेल्शमध्ये 'आदार' म्हणतात. मूळ धातू 'पत्', उडणे. केल्टिक भाषांमध्ये सुरुवातीचा प गळून पडला, म्हणून राहिलं ते 'अत्'. संस्कृतात तोच धातू 'पतत्र' म्हणजे पंख आणि 'पतत्री' म्हणजे पक्षी यांत दिसतो. ग्रीकमध्ये 'प्तेरोन', इंग्रजीत 'फेदर'. सगळी एकाच घराण्यातली.

शिवाय वेल्शमध्ये मूळ शब्द समूहाचा. एक पक्षी हवा तर 'इन' प्रत्यय लावून 'अदेरिन' करायचं. म्हणजे आधी थवा, मग त्यातला एक. हे कुणी रचून सांगितलेलं नाही, व्याकरणातच आहे.

घाटमाथा

@अनुस्वार, उत्तम माहिती. पण मग कोकिळेच्या कुळातल्या कुकूचं काय करायचं? जुन्या वेल्शमध्ये 'कू' म्हणजे 'कुठे?' संस्कृत 'क्व'चाच भाऊबंद. अबेरकिआवगच्या आजारी माणसाची जुनी कविता आहे. युद्धाला न जाऊ शकलेला तो एकटा बसून कुकूंचं ओरडणं ऐकतो आणि त्याचं दुःख वाढत जातं. अभ्यासक सांगतात, की वेल्श कानाला त्या ओरडण्यात 'कुठे? कुठे?' ऐकू येत होतं. गेलेली माणसं कुठे? पक्षी असं काही विचारत नाही, हे कवीलाही ठाऊक होतं. तरी कवितेचा जीव तिथेच आहे. पावशा 'पेर्ते व्हा' म्हणतो, हे आपणही पुरावा मागून ऐकत नाही.

मुळाक्षर

पण 'कुठे' या शब्दावरून कुकूचं नाव पडलं, असा दावा कुणी करतंय का? नाही. वेल्शमधलं 'कोग' काय नि 'कुकू' काय, आवाजावरूनच आलेलं. कवीने आवाजात अर्थ ऐकला, ते त्याचं श्रेय. एररीच्या बाबतीत ऐकलेला अर्थ मूळ अर्थ म्हणून खपवला जातो. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

रानवाटा

मुळाक्षर, एररीबद्दल तुमच्याशी सहमत, पेंग्विनबद्दल नाही. 'पेन ग्विन' व्याकरणाने बिनचूक आहे, वेल्शमध्ये विशेषण नामाच्या मागूनच येतं. नाव आधी पक्ष्याला नसून न्यूफाउंडलंडजवळच्या पांढऱ्या माथ्याच्या बेटाला पडलं असावं, असाही एक तर्क आहे. तसं असेल तर काळ्या डोक्याचा मुद्दाच उरत नाही. लॅटिन 'पिंग्विस' म्हणजे लठ्ठ, हा पर्यायही सिद्ध झालेला नाही. प्रश्न उघडा आहे, आणि उघडा प्रश्न 'निराधार' म्हणून निकालात काढणं हासुद्धा अतिरेकच.

आणि सरसकट सगळंच वेल्श मुळाचं ठरवू पाहणाऱ्यांसाठी: कबुतर 'कोलोमेन' आणि मोर 'पाइन' हे लॅटिनमधून आले, 'हेबोग' हा ससाणा जुन्या इंग्रजीतून. उलट इंग्रजीतला 'गल' हा समुद्रपक्ष्याचा शब्द वेल्श 'ग्विलान' किंवा तिच्या कॉर्निश बहिणीकडून गेला असं मानतात.

मुळाक्षर

@रानवाटा, उघडा प्रश्न 'उघडा' म्हणूनच सांगितला तर माझी हरकत नाही. पण या व्युत्पत्तीचा वापर कसा झाला तेही पाहा. १५८३ मध्ये अमेरिकेत इंग्रजी वसाहतीचा पुरस्कार करणाऱ्या जॉर्ज पेकहॅम यांनी 'पेंग्विन' हा शब्द पुरावा म्हणून पुढे केला. बाराव्या शतकात वेल्श राजपुत्र मादोग अमेरिकेला पोहोचला होता, म्हणून त्या भूमीवर राणी एलिझाबेथचा हक्क, असा युक्तिवाद. एका पक्ष्याच्या नावावरून दुसऱ्यांच्या जमिनीवर मालकी सांगितली गेली. म्हणून मी पुराव्याचा इतका आग्रह धरतो.

स्वॉन्झीकर

पेकहॅमचं माहीत नव्हतं, महत्त्वाचा मुद्दा. पण एक लक्षात घ्या. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे जेमतेम १७.८ टक्के निघाले. 'एररी म्हणजे काय?' हा प्रश्न बहुतेक वेळा बाकीचे विचारतात. त्यांना गरुड सांगितला की ते तिथेच थांबतात. 'उंच भूभाग' सांगितलं तर पुढचा प्रश्न येतो, मग गरुडाला काय म्हणतात? तिथून एरिर, ब्रान, ग्लास अ दोर्लान असं बोलणं वाढत जातं. मी तरी यापुढे खरा अर्थच सांगणार.

घाटमाथा

सांगा, ताई. पण गरुडही सांगा, 'लोक असं मानत आले' म्हणून. तेवढी जागा मी सोडणार नाही.