शेजवानमध्ये सिचुआन कुठे आहे?

गिरगावकर:
मत स्पष्ट मांडतो, पटलं नाही तर जरूर भांडा. मुंबईत आपण ज्याला 'शेजवान' म्हणतो त्याचं चीनच्या सिचुआन प्रांताशी नातं जवळपास नावापुरतंच आहे. त्या नावामुळे आपल्याला वाटतं की ती चव आपण चाखली आहे. ती आपण चाखलेलीच नाही.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण दोन वर्षं सिचुआनच्या राजधानीत, छंग्तूला राहून आली. मागच्या महिन्यात तिने घरी तिकडचं मापो टोफू केलं. मऊ टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर), खिमा, वालासारख्या मोठ्या दाण्यांची आंबवलेली तिखट लाल पेस्ट आणि वरून भाजून कुटलेली सिचुआन मिरी. दुसऱ्या घासाला ओठ बधिरले, मग जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या. मला एकदम आजीची चूल आठवली. बांगड्याच्या तिखल्यात चुकून दाताखाली तिरफळ आलं की अगदी हेच व्हायचं!

घरी येऊन वाचलं, तर तिरफळ आणि सिचुआन मिरी सख्ख्या चुलत बहिणी निघाल्या. दोन्ही झाडं लिंबाच्या कुळातली, एकाच प्रजातीगटातली. दोन्हींचं काळं बी काढून टाकायचं आणि साल तेवढी वापरायची. तिकडे या चवीला 'मा-ला' म्हणतात, म्हणजे बधिरपणा आणि तिखटपणा जोडीने. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली ती ओठांवरची थरथर मोजली, तर सेकंदाला सुमारे ५० कंप भरले.

आपल्या शेजवानमध्ये यातला 'ला' आहे, 'मा' अजिबात नाही. ज्या कोकणी माणसाच्या घरात तिरफळाची बरणी आहे त्याला हे कुणी सांगितलंच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हॉटेलवाल्यांनी त्या लाल सॉसला सरळ 'लसूण-मिरची सॉस' म्हणावं आणि सिचुआन हे नाव खऱ्या सिचुआनी जेवणासाठी राखून ठेवावं.

लालबागची_लेक:
मला हे अजिबात पटलं नाही, आणि थोडं लागलंही.

माझ्या बाबांनी बावीस वर्षं चायनीजची गाडी लावली. दुपारी दोनला आई सुक्या मिरच्या गरम पाण्यात भिजत घालायची. काश्मिरी रंगाला, बेडगी चवीला. मी शाळेतून आले की परातभर लसूण सोलायची. नखांना तो वास दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा. मग मिरचीचं वाटण तेलात मंद आचेवर तासभर, तेल सुटून वर येईपर्यंत. व्हिनेगर, सोया सॉस, चिमूटभर साखर शेवटी. बाबा गाडीवर पाटी लावायचे ती 'शेजवान'चीच. लोक लांबून यायचे ते त्यासाठीच. तो पदार्थ कुणाची खोटी नक्कल नव्हता. त्यावर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं.

आणि मूळ-मूळ काय करता? मिरची सिचुआनची तरी कुठे? ती अमेरिका खंडातून आली, तिकडेही आणि आपल्याकडेही. पाव पोर्तुगीजांचा, शब्दासकट. बटाटाही बाहेरचाच. मग वडापावला कोणतं नाव द्यायचं? मंचुरियन तर मुंबईतच जन्मलं, १९७५ साली, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांच्या हातून. मंचुरियात कुणी ते खात नाही, म्हणून ते कमी दर्जाचं होतं का?

गिरगावकर:
ताई, तुमच्या बाबांच्या कष्टांना मी नावं ठेवली असं वाटलं असेल तर माफ करा. तो सॉस मीही आवडीने खातो. माझा आक्षेप फक्त नावाला आहे. पावाला आपण पावच म्हणतो, लिस्बनची भाकरी म्हणून विकत नाही.

माझगावकर:
या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे: हे जेवण मुंबईत आणलं कुणी? आमच्याकडे नवाब टँक रोडला १९१९ साली बांधलेलं चिनी देऊळ आहे, सी यिप. सी यिप म्हणजे क्वांगतुंग प्रांतातले चार तालुके. तिथले खलाशी आणि कामगार गोदीच्या आसऱ्याने इथे राहिले. कोलकात्याला गेलेल्यांत हक्का लोक बरेच, 'हक्का नूडल्स' हे नाव त्यांचंच. म्हणजे आपल्याकडे आलेले चिनी मुख्यतः दक्षिण किनाऱ्याकडचे. सिचुआन तिथून शेकडो मैल आत. त्यांचं स्वतःचं जेवण सौम्य. आपल्याला तिखट लागतं म्हणून त्यांनी आपल्यासाठी तिखट सॉस केला असावा आणि त्याला चीनमधल्या तिखट प्रांताचं नाव दिलं असावं.

मग १९६२ चं युद्ध झालं. देशातल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. पुढे कितीतरी कुटुंबं देश सोडून गेली. माणसं गेली आणि त्यांचा सॉस तेवढा आपण ठेवून घेतला. माझ्या मते नावापेक्षा ही गोष्ट लोकांना आधी माहीत असायला हवी.

लालबागची_लेक:
हे मला माहीत नव्हतं. बाबांना विचारलं. ते ज्यांच्याकडे सॉस शिकले ते उस्ताद चिनीच होते म्हणे. कुठले, ते बाबांनी कधी विचारलंच नव्हतं. पण म्हणजे हे नाव त्यांनीच दिलेलं, आम्ही ढापलेलं नाही. मग बदलायचा हक्क गिरगावकरांना कुणी दिला?

गिरगावकर:
हक्क नाही, विनंती आहे. जपानचं उदाहरण देतो. तिथे करी गेली ती इंग्रजांमार्फत, आणि आता घट्ट, गोडसर करी-भात हा त्यांचा घरचा पदार्थ आहे. पण क्रांतिकारक रासबिहारी बोस तिथे आश्रयाला गेले, त्यांनी नाकामुराया या बेकरीवाल्या घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं, आणि १९२७ पासून टोकियोत शिंजुकूच्या त्या दुकानात भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. 'भारतीय करी' असं नाव लावून. आजही मिळते. घरची करी बंद झाली नाही, आणि ज्याला फरक चाखायचा त्याला दार उघडं राहिलं. मला मुंबईत एवढंच हवंय.

दादर_पश्चिम:
गिरगावकर, तुमच्या उत्साहाला एक टाचणी लावते. तिरफळ म्हणजे सिचुआन मिरी नव्हे. मी दोन्ही वापरते. तिरफळाला ओल्या लाकडासारखा उग्र वास आहे, म्हणून ते माशाच्या नारळाच्या वाटणात शोभतं. सिचुआन मिरीत संत्र्याच्या सालीची झाक असते. उद्या तुम्ही टोफूत तिरफळ घालून 'सिचुआन' म्हणालात, तर शेजवानवाल्यांनी केलं तेच तुम्ही केलंत.

गिरगावकर:
हे मात्र बरोबर बोललात, मला कबूल आहे. केलं तर 'तिरफळाचा टोफू' म्हणेन, सिचुआन नाही.

लालबागची_लेक:
गाडीवरची पाटी बदलणार नाही. पण आज संध्याकाळी बाबांना लालबागच्या मिरची गल्लीत पाठवलंय, पन्नास ग्रॅम तिरफळ आणायला. पाव किलो मिरचीला किती घालू आणि कधी घालू, तेवढं सांगा.

दादर_पश्चिम:
सात-आठ, जास्त नको. बी काढा, सालं नुसती ठेचा, वाटणात बारीक करू नका, कडवट होतं. गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी घाला आणि झाकण ठेवा.