मुग्धाचं बाळंतपण : घरच्या ग्रुपवरची चर्चा

आई: डिंक आणला आज. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, डिसेंबरात सरळ सोलापूरला निघून ये. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा पण होईल

सुमाकाकू: होय की. आपला मेडिक्लेम आहे की, त्यात टाका तिचं नाव

प्रसाददादा: काकू आत्ता टाकून काय उपयोग नाही ओ, बऱ्याच पॉलिसीत बाळंतपणाला दोन-चार वर्षं थांबावं लागतं, आमच्या वेळी मी सगळं बिल खिशातनं भरलंय

मुग्धा: आई ऐक, मी राहते ट्रियरला म्हणजे जर्मनीत आणि नोकरी लक्झेंबर्गला, त्यामुळं विमा नोकरीच्या देशाचा, सीएनएस म्हणतात, पगारातनंच कापतात. त्यांनी एस-वन फॉर्म दिला तो इथल्या जर्मन विमावाल्यांकडं जमा केला म्हणून दोन्हीकडं दाखवता येतं. लक्झेंबर्गला बऱ्याच डॉक्टरांना आधी पैसे द्यायचे मग पावत्या पाठवून परत घ्यायचे, इथं कार्ड दाखवलं की झालं. म्हणून बाळंतपणाला इथल्याच हॉस्पिटलात नाव घातलंय. सोलापुरात केलं तर बिल आपल्याच गळ्यात

अण्णा: रजा किती?

मुग्धा: 20 आठवडे अण्णा, 8 आधी 12 नंतर. तारीख 15 फेब्रुवारी म्हणजे 21 डिसेंबरपासून घरी

सुमाकाकू: मग आत्तापासूनच घरनं कर की काम, कशाला रोज ती ट्रेन

मुग्धा: तिथंच गोची आहे काकू. घरनं काम निम्म्यावर गेलं की विमा जर्मनीकडं सरकतो, पाव ते निम्म्याच्या आत ठेवायचं तरी कंपनीनं अर्ज करावा लागतो, वर जर्मनीचा टॅक्स लागू न होता घरनं काम वर्षाला 34 दिवसच, त्यातले माझे 29 संपले. एचआर म्हणतंय बघतो, तीन आठवडे झाले बघतायत 🙄

प्रसाददादा: तिकडं सुईण घरी येते म्हणे

मुग्धा: येते, पैसे विमाच देतो, पण मिळायला पाहिजे ना! अकरा जणींना फोन केले, बारावी हो म्हणाली, ते पण फक्त बाळ झाल्यावर

आई: सुईण आहे तर मग माझं काय काम

मुग्धा: आई 😡 ती अर्धा तास येणार, वजन बघणार, जाणार. बाळाला तेल कोण लावणार? तू जानेवारीअखेर ये, व्हिसा 90 दिवसांचा, एप्रिलपर्यंत राहशील. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, दादा तू अपॉइंटमेंट बघ. प्रवास विमा 30 हजार युरोचा लागतो, आणि फॉर्मवर बीपी लपवू नको, मागे लपवलंस

आई: लपवलं नव्हतं, राहिलं लिहायचं. बरं, तूप किती आणू

मुग्धा: तूप नाही चालत, दुधाचं काहीच बाहेरनं युरोपात आणता येत नाही

सुमाकाकू: अगं बाई! तुपाशिवाय बाळंतपण??

मुग्धा: लोणी मिळतं इथं, आई आल्यावर कढवेल. शेंगाचटणी मात्र भरपूर आण

आई: कढई आहे का तुझ्याकडं जाड बुडाची