मदत हवी आहे: रानगाढवांची जोडी निवडताना काय पाहावं?

नमस्कार. आम्ही अमेरिकेत, नेवाडा राज्यात रीनोजवळ राहतो. पॅलोमिनो व्हॅलीतल्या, पकडून आणलेली रानघोडी-रानगाढवं ठेवणाऱ्या सरकारी केंद्रातून दोन रानगाढवं दत्तक घ्यायची आहेत. ही गाढवं दत्तक देणाऱ्या सरकारी खात्याचे, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचे, नियम वाचले आहेत: प्रत्येकी किमान ४०० चौरस फूट मोकळी जागा, गाढवांसाठी साडेचार फुटी कुंपण, निवारा. हे सगळं तयार आहे. मालकीहक्क वर्षभरानंतर मिळतो, हेही माहीत आहे. मागचं दार बाजूला उघडणारा स्टॉक ट्रेलर (जनावरं न्यायची गाडी) शेजारी देणार आहेत. खुरं कापणारा माणूस आणि पशुवैद्यही बघून ठेवलेत.

एकटं गाढव झुरतं, म्हणून दोन हवीत, तीही आधीपासून एकमेकांच्या सोबतीची असली तर फारच बरं. पाळीव घोड्यांची सवय आहे. माणसाचा हात न लागलेल्या जनावराची नाही. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे शांत स्वभाव महत्त्वाचा. रंग, वय, नर-मादी कसलीच अट नाही.

तिथे जाऊन आलेल्यांना विचारायचंय: कुंपणाबाहेरून बघताना खरोखर शांत गाढव आणि भीतीने थिजलेलं गाढव यांतला फरक कसा ओळखायचा? आणि कोणतं कोणाच्या सोबतीने राहतं हे तिथले कर्मचारी सांगतात, की आपणच थांबून बघावं लागतं?