मदत हवी आहे: थिंकपॅड टी६० मध्ये टी६१ चा मदरबोर्ड बसवायचाय

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००६ चा थिंकपॅड टी६० लॅपटॉप आहे. १५ इंची, ४:३ (जुन्या टीव्हीसारखा चौकोनी), १४००×१०५० चा आयपीएस पडदा, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा. मेहुण्याच्या ऑफिसने भंगारात काढला, मी उचलून आणला. आता त्या कीबोर्डची अशी सवय लागली आहे की नव्या लॅपटॉपवर बोटं अडखळतात.

गाडी अडते ती प्रोसेसरपाशी. आतला कोअर ड्युओ टी२४०० ३२ बिटी आहे आणि मी वापरतो त्या डेबियन लिनक्सने १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. रॅम ४ जीबी घातली तरी ३ च्या आसपासच दिसते, बोर्डावरच्या ९४५ चिपसेटची (प्रोसेसर-रॅम जोडणाऱ्या चिपांची) धावच तेवढी.

टी६१ चा बोर्ड टी६० च्या सांगाड्यात बसवतात, त्याला हौशी लोक फ्रँकनपॅड म्हणतात, असं वाचलं. ९६५ चिपसेट, ८ जीबी रॅम, ६४ बिटी कोअर २ ड्युओ. मला एवढं पुष्कळ झालं. पडदा आणि कीबोर्ड मात्र हेच राहायला हवेत.

तपकीर गल्लीत एकाकडे टी६१ चा बोर्ड मिळतोय, पण तो वाइड (रुंद पडद्याच्या) मॉडेलमधला, वर एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप. "बसून जाईल साहेब," म्हणतो. खरंच बसेल? जुना पंखा चालेल का? सांगाडा कुठे कापावा लागतो? घरी फक्त कानस आहे.

("नवा घ्या" हा सल्ला बायकोने आधीच दिलेला आहे.)

प्रतिसाद:
दादा, तो बोर्ड घेऊ नका. वाइडच्या बोर्डाचा आकारच वेगळा. ४:३ वाल्या १४ इंची टी६१ चा शोधा, तोही इंटेल एक्स३१०० ग्राफिक्सचा. त्या काळच्या एनव्हिडिया चिपांच्या आतलं सोल्डर तापून-निवून तडकतं, मग पडदा काळा. पंखा आणि हीटसिंक टी६१ चेच लागतील. प्रोसेसरही वेगळा घ्यावा लागेल, सॉकेट (प्रोसेसर बसायची खाच) बदलतं.

आणि घाई कशाला? तुमच्या टी६० चा प्रोसेसर सॉकेटमध्येच आहे, काढून बदलता येतो. कोअर २ ड्युओ टी७२०० घाला, ६४ बिटीचा प्रश्न मिटला. रॅम तेवढीच राहील. आधी बायोस (बोर्डावरचा लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट करा, पण बॅटरी मेलेली असेल तर ते होणार नाही.

धागाकर्ता:
बॅटरी मेलेलीच आहे राव! बरं, आधी ती शोधतो. कापाकापी कुणी केली असेल तर फोटो टाका.